बियाण्याच्या मडक्यातला यिर्मया

आमच्या घरात बियाण्याची सात मडकी होती आणि त्यांना माणसांपेक्षा जास्त मान होता. माणूस आजारी पडला तर त्याला ओसरीवर हलवत, मडकी मात्र आतल्या खोलीत विटांच्या कट्ट्यावर एका ओळीत असत, तिथून ती कोणासाठी हलत नसत. पहिलं सरकीचं, कारण आमचा मुलूख कापसाचा. त्याच्या शेजारी तुरीचं, मग ज्वारीचं, मग बाकीची लहानमोठी, आणि अगदी शेवटी अंबाडीच्या बियांचं गाडगं. होळीची राख गार झाली की माय ती चाळणीने चाळायची आणि मडकी भरायची. बियाण्याचा थर, राखेचा थर, मधे कडुलिंबाचा वाळला पाला. तोंडावर फडकं बांधायचं, त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा, आणि लेप ओला असतानाच त्यावर मायने उजव्या हाताचा पंजा उमटवायचा. तो पंजा मिरगापर्यंत, म्हणजे पेरणीच्या मुहूर्तापर्यंत, कोणी मोडायचा नाही. मिरगाच्या दिवशी पहिलं मडकं पाटावर ठेवून बाबा पूजा करायचा आणि त्याचा लेप तोच फोडायचा. बाकीची मडकी बाया उघडायच्या. एका वर्षी घरात दाणा नव्हता. महिनाभर आम्ही ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी खाल्ली. मी तुरीच्या मडक्याकडे बोट दाखवून रडले, तेव्हा मायने कानाखाली दिली आणि म्हणाली, "बियान्याच्या मडक्यातलं चुलीत जात नाई." कारण सांगायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

आता बियाणं पाकिटात येतं. पाकिटावर पंजा नसतो, टरारलेल्या बोंडाचा फोटो असतो. मी त्याबद्दल रडणार नाही. मडक्यातल्या बियाण्यालाही कीड लागायची, ते कोणी सांगत नाही.

आमचं गाव मारेगावपासून पायी दोन तासांवर. गावाच्या टोकाला नाल्याच्या पलीकडे ख्रिस्ती मिशनचं कंपाउंड होतं. एक लहान देऊळ, एक घंटा, चौथीपर्यंतची शाळा, कडुलिंबाची पाच झाडं आणि सात-आठ घरं, त्यातली निम्मी बंद. तिथली पोरं शिकून यवतमाळला, नागपूरला नोकरीला लागली होती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा एस.टी.ने यायचे. गावातली सगळी पोरं त्याच शाळेत चौथी करायची, कारण दुसरी शाळा नव्हती. मीही केली. चौथी झाली तेव्हा बाबा म्हणाला, "लिवता येते, वाचता येते, आनखीन काय पाह्यजे?" पाचवीची शाळा मारेगावला होती आणि मुलीला तिकडे पाठवणारं घर आमच्या गावात एकही नव्हतं. माझ्यावर वेगळा अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण शाळा सुटली आणि माझा हात रिकामा झाला, हे खरं. मी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहायची, माय शेणाने सारवून टाकायची. मी पुन्हा लिहायची.

घरात दोन म्हशी होत्या. रोज सकाळी मी कंपाउंडमध्ये ताक पोचवायची, शांतवन मास्तरांकडे. मास्तर माझे पहिलीचे गुरुजी. मी चौथीत असताना त्यांचे डोळे पुरते गेले. बायको आधीच वारली होती. ते एकटेच राहायचे, स्वतःची भाकर स्वतः थापायचे, आणि ती माझ्या भाकरीपेक्षा गोल असायची. शिकवण्यापेक्षा त्यांचं नाव होतं कीर्तनासाठी. मारेगावपासून पांढरकवड्यापर्यंत गावोगावी, झाडाखाली, बाजाराच्या दिवशी त्यांनी तीस वर्षं कीर्तन केलं होतं. टाळ-चिपळ्या आपल्या, चाल आपली, गोष्ट मात्र इस्राएल देशाच्या जुन्या संदेष्ट्यांची. त्यातही एकच त्यांच्या जिवाचा होता, यिर्मया. त्याचं कीर्तन त्यांनी स्वतः वऱ्हाडीत रचलं होतं आणि कधी कागदावर उतरवलं नव्हतं.

एक दिवस मी ताक ओतत होते तेव्हा ते म्हणाले, "कौशे, तुहं अक्षर अजून तसंच हाय का, कोंबडीच्या पायासारखं?"

"सुधरलं थोडं."

"मंग बस. मी सांगतो, तू लिव. डोळे गेले त्याचं काही नाही. पण आता डोक्यातलं विरून राह्यलं. काल पूर्ण अभंग आठवला नाही मले. हे जाच्या आधी कागदावर आलं पाह्यजे. पूर्ण. अर्धं नको."

त्यांच्या घरातल्या कपाटात शाळेच्या हजेरीच्या कोऱ्या वह्या पडल्या होत्या, पोरं कमी आणि वह्या जास्त. त्यातली एक त्यांनी मला दिली आणि पेन्सिलीचा एक तुकडा. खरं सांगते, त्या यिर्मयाचं मला काही पडलेलं नव्हतं. मला लिहायला मिळत होतं, तेही आखलेल्या कागदावर. भुईमुगाच्या शेंगा मोबदला म्हणून दिल्या असत्या तरी मी गेले असते, नाही दिल्या तरी गेलेच.

मग रोज सकाळी मी ताकाचं भांडं ठेवून त्यांच्या ओट्यावर बसायची. कापसाच्या गाड्या मारेगावला निघालेल्या असायच्या, त्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबपर्यंत यायचा. तो संपला की मास्तर घसा साफ करून सुरू करायचे. "अनाथोथ नावाचं गाव. यरुशलेमपासून तासाभराची चाल. म्हणजे शहरातला गोंधळ ऐकू येईन इतकं जवळ, अन् शहरवाले इचारणार नाही इतकं दूर. तिथं यिर्मया नावाचं पोरगं. देव म्हणे, बोल माह्या वतीनं. पोरगं म्हणे, मले बोलता येत नाही, मी लहान हावो. देव म्हणे, तुले येते का नाही हे मी इचारलं का?" इथे मास्तर स्वतःच हसायचे. पुढे देव त्या पोराला उकळता हंडा दाखवतो, उत्तरेकडून कलंडलेला. म्हणजे उत्तरेकडून बाबेलचा राजा येणार, सगळं भाजून काढणार. हे मला लगेच समजलं. हंडा कलंडला की काय होतं ते चुलीजवळच्या पोरीला सांगावं लागत नाही.

त्या माणसाने चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली. तुमचं वागणं सुधारा, गरिबाला नाडू नका, नाहीतर हे शहर पडेल. कोणी ऐकलं नाही. लोकांना समजावं म्हणून त्याने बैलाचं जू स्वतःच्या मानेवर घेतलं आणि भर रस्त्याने चालला. लग्न केलं नाही, देवानेच करू दिलं नाही. भाऊबंद उलटले. मी विचारलं, "मास्तर, त्यानं सोडून काहून नाही दिलं?" ते म्हणाले, "दिलं न. एकदा म्हणे, आता नाव काढत नाही देवाचं. पण हाडात इस्तव कोंडल्यासारखं झालं त्याले. बोलल्याबिगर राहवेना." त्या दिवशी मी घरी आले आणि भिंतीकडे पाहिलं. माझी कोळशाची अक्षरं मायने सकाळीच सारवली होती. तेव्हापासून मला त्या माणसाचं पडलं.

आमच्या शेजारी जनाकाकू राहायची. बाबाची दूरची भावजय, जिभेला हाड नाही. तिने मला ओट्यावर लिहिताना पाहिलं आणि पाणवठ्यावर सांगितलं की कौशी मिशनच्या रजिस्टरात नाव लिहून राह्यली. आमच्या गावात समज असा होता की मिशनच्या वहीत नाव चढलं की माणूस बाटला. मी लिहीत होते ती वही हजेरीचीच, नावांचे रकाने आखलेली. म्हणजे काकू खोटं बोलली असंही म्हणता येत नाही.

पौषातली सकाळ होती. अंगणात शेकोटी पेटलेली, माय आत भाकरी टाकत होती. मी ताकाचं भांडं घेऊन निघाले तर बाबाने हाक मारली.

"पदराखाली काय हाय?"

मी वही काढून दिली. बाबा दुसरीपर्यंत शिकलेला, बोट ठेवून वाचायचा.

"नाव लिवलं काय तुहं याच्यात?"

"नाई."

"मंग कोनाचं लिवलं?"

"यिर्मयाचं."

"कोन हाय थो? कोन्या गावचा?"

"अनाथोथचा."

"कोन्या तालुक्यात येते?"

मला हसू आलं आणि ते चुकलं. बाबा शेकोटीजवळ उकिडवा बसला. पहिलं पान बोट फिरवत वाचलं, ओठ हलवत, पूर्ण. मग फाडून विस्तवावर ठेवलं. दुसरं वाचलं, ठेवलं. मला वाटत होतं एकदाच काय ती फेकावी. पण तो वाचत गेला आणि जाळत गेला. दोन भाकरी भाजून झाल्या, चार झाल्या, मायने बाहेर पाहिलं नाही. मी उभी होते. रडले नाही, रडून पान परत येत नसतं. शेवटच्या पानावर यिर्मयाला राजाच्या माणसांनी दोराने आडात सोडलं होतं, आडात पाणी नव्हतं, चिखल होता, आणि तो चिखलात रुतत चालला होता. आदल्या दिवशी मास्तर तिथेच थांबले होते, त्यांना खोकला लागला म्हणून. बाबाने ते पान वाचलं. उलटून पाठीमागे पाहिलं. पाठ कोरी होती. मग तेही टाकलं.

"उद्यापासून ताक तुही माय नेईन," तो म्हणाला. "तुले सोयरीक पाहायची हाय मले. हे कोनी सांगतलं असतं पाहुन्याले तं?"

माझा बाप वाईट माणूस नव्हता. तो भ्याला होता. पण आयुष्यभर पाहिलं आहे, वाईट माणसापेक्षा भ्यालेला माणूस जास्त नासधूस करतो. तसा कामाला तो वाघ. उन्हाळ्यात गावातल्या विहिरींचा गाळ काढायला त्यालाच बोलवायचे. काखेतून दोर घालून त्याला खाली सोडायचे, चिखलातून वर ओढायचे. त्याच्या दोन्ही काखांत काळे वळ होते, ते पावसाळ्यातही जात नसत.

दुसऱ्या दिवशी मायने ताकाचं भांडं माझ्याच हातात दिलं. म्हणाली, "माहे गुडघे दुखून राह्यले. जाय, अन् लवकर ये." तिचे गुडघे त्याआधी कधी दुखले नव्हते.

मास्तरांना मी सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारा हाय खाईल. तो हसायला लागला. इतका हसला की खोकला आला.

"वाचून वाचून जाळलं म्हणतं?"

"हो. एकेक पान."

"शेकोटीत?"

"हो न. तुमाले हसू कायचं येते?"

"अवो, हे तं पुढं येणारच होतं गोष्टीत. यिर्मयानंबी असंच सांगतलं अन् बारूख नावाच्या कारकुनानं लिवलं. गुंडाळी राजाकडे गेली. हिवाळ्याचे दिवस, राजापुढं शेगडी. तीन-चार रकाने वाचून झाले का राजा चाकूनं कापे अन् शेगडीत टाके. पूर्ण गुंडाळी संपवली त्यानं. तुहा बाप राजा निघाला, कौशे."

"मंग यिर्मयानं काय केलं?"

"दुसरी गुंडाळी आण म्हणे बारूखले. होतं थे पूर्ण पुन्हा सांगतलं. अन् वरून आणखी घातलं."

मी म्हटलं, "मी नाई लिवत पुन्हा. बोटं सुजली माही."

"बारूखनंबी असंच रडगाणं लावलं होतं," मास्तर म्हणाले. "देव त्याले म्हणे, मी अख्खा मुलूख उपटून राह्यलो, अन् तुले तुहंच पडलं का? कपाटातून वही काढ."

मी काढली. या वेळी बारीक अक्षरात, पाठपोट लिहायचं ठरवलं. मास्तर आता जास्त विसरत होते. दोन ओळी सांगून तिसरी शोधत बसायचे, टाळ हातात घेऊन वाजवायचे नाहीत. पण जळालेली वही मला पाठ झाली होती, हे मला तेव्हाच कळलं. ते अडकले की मी पुढचं सांगायची आणि लिहायची. कधी कधी ते विचारायचे, "हे माहं हाय का तुहं?" मी म्हणायची, "तुमचंच." एक-दोन ठिकाणी ते माझं होतं. आज कबूल करते.

आणि त्यांनी नवीन घातलं, सांगितल्याप्रमाणे. आडातून यिर्मया कसा निघाला ते आलं. शेताची गोष्ट आली. शहराला वेढा पडलेला, यिर्मया राजाच्या चौकीत कोंडलेला, आणि त्याने चुलतभावाचं शेत विकत घेतलं, साक्षीदार बसवून.

"शत्रू वेशीवर अन् हा वावर घेऊन राह्यला? येडा होता काय?" मी विचारलं.

"येडाच होता. शहर पडणार हे त्यानंच सांगतलं होतं. पण त्यानं हेबी सांगतलं, का या मुलखात पुन्हा घरं होतीन, वावरं पेरल्या जातीन. म्हणून शेताचा कागद मडक्यात ठेवाले लावला. लय दिवस टिकला पाह्यजे म्हणून."

"मडक्यात?"

"मातीच्या मडक्यात."

त्या दिवशी घरी येताना माझ्या डोळ्यांपुढे आतल्या खोलीतली मडकीच होती.

पूर्ण कीर्तन होळीच्या तीन दिवस आधी संपलं. मास्तरांच्या घरात उदई, म्हणजे वाळवी होती, कपाटातल्या वह्यांना खालून लागली होतीच. वही तिथे ठेवून उपयोग नव्हता, आणि आमच्या घरात बाबाच्या हाताबाहेरची जागा एकच. धुळवडीला माय राख चाळत होती. तुरीचं मडकं अर्धं भरलं आणि ती पाला आणायला अंगणात गेली. मी वही जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळली, तुरीवर ठेवली, वरून राख लोटली. सरकीचं मडकं घेतलं नाही, कारण मिरगाला पूजेला तेच बसायचं आणि बाबा तेच फोडायचा. तुरीचं बाया उघडायच्या, म्हणजे मीच पुढे होणार. हिशोब पक्का होता.

माय आली, पाला टाकला, राख सारखी करायला हात घातला. तिचा हात थांबला. मनगटापर्यंत राखेत, तसाच. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग दोन ओंजळी राख जास्त घातली, वर उरलेली तूर भरली, फडकं बांधलं, लेप दिला आणि पंजा उमटवला. इतका दाबला की बोटांच्या रेषा दिसत होत्या. हात धुताना म्हणाली, "मिरगापर्यंत झाकून ठेवनं माह्याकडे. म्होरचं तुही तू पाह्य."

वैशाखात मास्तर गेले. ताक घेऊन गेले तर दार उघडं होतं आणि चार माणसं ओट्यावर बसलेली. कडुलिंबाच्या मागच्या जागेत त्यांना पुरलं. मी ताक परत आणलं. मायने त्याची कढी केली आणि आम्ही ती खाल्ली. त्या कढीची चव आठवत नाही, खोटं कशाला लिहू. एवढं आठवतं की जेवताना मी आतल्या खोलीकडे पाहत होते. आता मास्तरही नव्हते. तिसऱ्यांदा सांगणारं कोणी नव्हतं, आणि इतकं सगळं मला पाठ नव्हतं. जे होतं ते तुरीच्या मडक्यात होतं.

इथे थोडं पुढचं सांगून घेते, म्हणजे शेवटी घोळ नको. पुढल्या वर्षी माझं लग्न झालं, पांढरकवड्याकडच्या गावी. मी बाटले नाही. आजही गौरी बसवते, मिरगाची पूजा करते. त्या वहीत एक पत्र आहे, यिर्मयाने बाबेलला धरून नेलेल्या आपल्या लोकांना पाठवलेलं. रडत बसू नका, तिथेच घरं बांधा, झाडं लावा, त्यांची फळं खा, ज्या गावी नेलं त्या गावाचं बरं चिंता. सासरी पहिल्या वर्षी मला कोणी धड बोलत नव्हतं तेव्हा मी अंगणात लिंबाचं झाड लावलं. कोणी उपदेश केला नव्हता, मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं ते. लिंबू अजून धरतं. आणि कंपाउंडच्या देवळात हंगामाचा सण होतो, लोक नव्या तुरी, ज्वारीची कणसं, भोपळे आणून ठेवतात, त्या दिवशी मला बोलावणं येतं. मी एस.टी.ने जाते आणि मास्तरांचं कीर्तन वाचते. वाचते फक्त, गाता मला येत नाही. गेल्या वर्षी नातीने मोबाइलवर पानापानाचे फोटो काढले, म्हणाली, आता हे जळणार नाही आजी. मी म्हटलं, मोबाइल पाण्यात पडतो. वही अजून मडक्यातच ठेवते.

आता मिरगाचा दिवस. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि बाबाने कोरड्या मातीतच धूळपेरणी करायचं ठरवलं होतं. अंगणाबाहेर तिफण जुंपलेली, बैल माशा वारत उभे. पेरायला तीन बाया आलेल्या, त्यात जनाकाकू. मी सूप घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी आधीच उभी राहिले होते, तुरीचं मडकं उचलायला. बाबा आत आला, त्याच्या हातात तालुक्याहून आणलेली नवीन सरकीची पिशवी. "यंदा सरकी हे पेरायची," तो मायला म्हणाला. "आपलं मडकं तं रिकामंच ठेवलं होतं न?"

मला ते माहीत नव्हतं. होळीला सरकीचं मडकं भरलंच नव्हतं, मी माझ्याच नादात पाहिलं नव्हतं.

"मंग पूजेले काय बसवता?" मायने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"तुरीचं घे. रिकाम्या मडक्याची का पूजा करतं?"

त्याने स्वतः ते उचललं आणि पाटावर ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मायच्या पंजाला हात जोडले आणि मुठीने लेप फोडला. फडकं सोडलं. वरची तूर सुपात काढली, मग राख, मग बोटाला चिंधी लागली. त्याने ओढली. राखेचा लोट उठला आणि हजेरीची वही बाहेर आली.

बाहेर बैलाने घुंगूर हलवलं. मग जनाकाकू पुढे झाली.

"अवो माय! भाऊजी, हे तं थेच रजिस्टर! टाका चुलीत, आज मिरगाच्या दिवशी घरात इटाळ कायले?"

बाबाने वही हातात धरली होती. चूल चार पावलांवर, पेटलेली, बायांसाठी चहा होत होता. मी सूप खाली ठेवलं. मी ठरवलं होतं की तो चुलीकडे वळला तर मी हात धरणार, बाप असो की कोणी असो. त्याआधी मी कधी त्याच्या आडवी गेले नव्हते.

माय चुलीजवळून म्हणाली, "बियान्याच्या मडक्यातलं हाय थे."

एवढंच. बाबा मायकडे बघत राहिला. जनाकाकूच्याही घरी मडकी होती, तिलाही हे ठाऊक होतं. त्या मडक्यातला दाणा बाबाने उपाशी दिवसांतही चुलीत जाऊ दिला नव्हता. आज सगळ्यांसमोर, पूजेच्या पाटावरून निघालेली वस्तू तो कशी टाकणार? तो माझ्यावर चिडला असता तर ते सोपं होतं. तो स्वतःच्याच रितीत अडकला होता.

तो खाली बसला, पाटाजवळ. वही झटकली. पहिल्या पानापासून नाही, मधूनच पानं उलटत गेला, बोट ओळींवरून सरकवत, जसं हरवलेलं काही शोधतो तसं. एका पानावर थांबला. मी वाकून पाहिलं. आड होता. चिखल होता. आणि या वेळी पाठ कोरी नव्हती.

त्याने ओठ हलवायला सुरुवात केली, मग डोळे चोळले.

"राख गेली डोळ्यात," तो म्हणाला. "घे, वाच तू. इथून."

मी उभ्यानेच वाचायला लागले. राजाच्या वाड्यात एबद-मलेख नावाचा एक परदेशी काळा चाकर होता. आपल्यापैकी कोणी केलं नाही ते त्याने केलं. तो राजापुढे गेला आणि म्हणाला, त्या माणसाला आडात टाकलं, तो उपाशी मरेल. राजा म्हणाला, माणसं घे आणि काढ त्याला. एबद-मलेख आधी कोठीत गेला. तिथून त्याने जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे घेतले आणि दोराने आडात सोडले. वरून ओरडून सांगितलं, बाबा रे, या चिंध्या काखेत घे, दोराच्या आत.

"कायले?" एका बाईने विचारलं.

"दोर कापते," बाबा म्हणाला. "चिखलातून वर ओढतानी माणसाचं वजन दुप्पट होते. दोर काखेत रुतते." त्याने नकळत हात छातीशी घेतला होता, काखेजवळ. "मले इतक्या वर्षांत कोन्या लेकाच्यानं चिंधी देली नाई. याले बरोबर समजलं."

जनाकाकूने दाराबाहेर उन्हाकडे पाहिलं. "भाऊजी, मुहूर्त चालला. बैल उभे हायेत कवाचे. वाचनं होत राहीन मंग."

बाबाने हात वर केला, बैलाला थांबवतात तसा.

"थांब व," तो म्हणाला. "त्याले वर तं येऊ दे."